हौस

धाकटी बहीण रायपूरला असते. तिचे लग्न होऊन आता चाळीस वर्षे होतील. मेहुणे भिलाईच्या पोलाद कारखान्यात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी रायपुरात घर बांधले आणि मुलगा-सून-नात यांच्यासह दोघे तिथेच स्थायिक झाले. पौषातल्या एका रात्री तिचा फोन आला. "दादा, ह्या शनिवारी येतोस का? तुझा भाचा मोटरसायकलच्या शर्यतीत उतरतो आहे. पुन्हा." हा 'पुन्हा' तिने अशा स्वरात उच्चारला, की मागच्या दोन वर्षांतली तिची सगळी जागरणे मला त्यात ऐकू आली. मग ती म्हणाली, "तू एवढी पुस्तके लिहिलीस, व्याख्याने दिलीस. तुझ्यापाशी शब्द आहेत. त्याला चार शब्द सांग. माझे शब्द संपले."

शब्दांवर इतका विश्वास ठेवणारे माणूस भेटले की माझ्यासारख्या समीक्षकाला संकोच वाटतो. आणि नाही म्हणणेही जमत नाही. शनिवारी पहाटेच्या गाडीने मी निघालो.

नागपूर ते रायपूर हा सुमारे तीनशे किलोमीटरांचा प्रवास मी अनेकदा केला आहे, आणि प्रत्येक वेळी तो मला भूगोलापेक्षा भाषेतला प्रवास वाटला आहे. गोंदिया मागे पडते, डोंगरगडची बमलेश्वरीची टेकडी दिसते, आणि केव्हातरी आपल्या लक्षात येते, की चहावाल्याच्या आरोळीतून मराठी निघून गेली आहे. राजनांदगाव आले की मला न चुकता गजानन माधव मुक्तिबोध आठवतात. मराठी घरातला हा माणूस हिंदीचा मोठा कवी झाला; १९५८ पासून इथल्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवत राहिला; आणि त्याचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मात्र मराठीत लिहीत राहिले. रायपूरचे नाते ज्यांच्याशी जोडले जाते ते माधवराव सप्रेही असेच: १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढणारे, दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणारे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इकडे आलेल्या मराठी घरांनी दोन भाषांचा संसार केला आहे. माझ्या भाच्याची मराठीही ह्याच संसारातली. तो "मी करून राहिलो" म्हणतो आणि मला "मामाजी" म्हणतो.

स्टेशनवर तोच घ्यायला आला होता. वय छत्तीस. उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये देखभाल विभागात अभियंता. सोमवारी सकाळी त्याची पाळी. त्याने माझी पिशवी घेतली आणि हसत म्हणाला, "आईने पाठवले ना तुम्हाला? समजवायला?" मी हो म्हटले. "समजवा. पण आधी सामान घरी टाकू आणि ग्राउंडवर जाऊ. बारा वाजता बाइकची तपासणी आहे. तिथेच समजवा."

शर्यत शहरातल्याच एका मैदानात होती. स्टेडियममध्ये माती आणून, तिच्या टेकड्या रचून मोटरसायकली उडवण्याचा हा खेळ तसा जुना नाही. मोकळ्या रानातून, चढउतारांवरून गाड्या पळवण्याची पहिली शर्यत इंग्लंडमध्ये कँबर्लीजवळ १९२४ साली झाली असे मानतात. तोच खेळ प्रेक्षकांच्या सोयीसाठी १९७२ साली लॉस एंजलीसच्या कोलिझियममध्ये आणला गेला आणि त्याचे 'सुपरक्रॉस' झाले. आपल्याकडे मोटरशर्यतींचे माहेर मद्रास. दुसऱ्या महायुद्धातल्या शोलावरमच्या धावपट्टीवर तिथल्या क्लबाने पन्नाशीच्या दशकात शर्यती सुरू केल्या, आणि १९९० पासून इरुंगट्टुकोट्टईला त्या क्लबाचा स्वतःचा मार्ग झाला. मातीवरच्या शर्यतींची हौस मात्र पुणे, नाशिक, कोल्हापूर ह्या आपल्या शहरांनी फार निष्ठेने जोपासली. पुण्याच्या बालेवाडीत २०२४ च्या जानेवारीत परदेशी खेळाडूंसह व्यावसायिक सुपरक्रॉसची साखळी सुरू झाली. पण मी जिथे उभा होतो तिथे ह्या वैभवातले फारसे काही नव्हते. एक मैदान होते, डंपरने टाकलेली लाल माती होती, तिच्यावर पाणी मारणारा एक टँकर होता, आणि मांडवाखाली टेबलामागे बसलेली चार-पाच माणसे अतिशय गंभीरपणे कागद तपासत होती.

ह्या गांभीर्याने मी प्रथम थोडा गोंधळलो. मला वाटले होते, हा उनाडांचा मेळा असेल. इथे तर परीक्षेच्या केंद्रासारखी शिस्त होती. परवाना पाहिला जात होता, वैद्यकीय दाखला पाहिला जात होता. शिरस्त्राणाचा पट्टा ओढून पाहिला जात होता. छाती, पाठ, कोपर, गुडघे यांची कवचे तपासली जात होती. मग गाडी. आरसे, पुढचा दिवा, बाजूची घोडी काढलेली असावी. ब्रेक आणि क्लचच्या दांड्यांची टोके गोल असावीत, म्हणजे पडल्यावर ती कुणाच्या अंगात घुसणार नाहीत. मूठ पिळून सोडली की ती आपोआप मागे फिरली पाहिजे. तपासनिसाने भाच्याच्या गाडीची मूठ तीनदा पिळली आणि तीनदा सोडली. पोथीतला पाठभेद तपासावा तसा त्याचा चेहरा होता. शेवटी भाच्याने एका कागदावर सही केली. तो कागद मी वाचला. जे काही होईल ते माझ्या स्वतःच्या जबाबदारीवर, असा त्याचा आशय होता. इतक्या कमी शब्दांत इतके सांगणारे गद्य मी क्वचित वाचले आहे.

त्याची गाडी दोनशे सीसीची, आपल्या रस्त्यावर रोज दिसणाऱ्यांतली, हीरोची एक्सपल्स. तिच्यावर तो एरवी कारखान्यात जातो. शुक्रवारी रात्री दिवे-आरसे उतरवायचे, गोट्या-गोट्यांचे टायर चढवायचे, त्यांतली हवा कमी करायची. आणि रविवारी रात्री पुन्हा सगळे जागच्या जागी बसवायचे. शेजारी कंपन्यांच्या संघांचे तंबू होते. तिथे मेकॅनिक, सुटे भाग, खुर्च्या, थंड पाणी. आमच्याकडे एक ताडपत्री, पान्यांचा डबा आणि मेहुण्यांनी दिलेला चहाचा थर्मास. शर्यतींचे वर्गही तसेच पाडलेले. परदेशी गाड्यांचा वर्ग, भारतीय गाड्यांवरच्या निष्णातांचा वर्ग, नवशिक्यांचा वर्ग. कंपनीचे पाठबळ नसलेल्या निष्णातांचा 'प्रायव्हेट' वर्ग. आणि सर्वांत शेवटी 'लोकल', म्हणजे यजमान शहरातल्या उमेदवारांचा. भाचा ह्या शेवटच्या वर्गात होता. सोबतीला एक दूधवाल्याचा मुलगा, एक औषधविक्रेता, दोन महाविद्यालयीन तरुण, एक पोलीस शिपाई, एक गॅरेजवाला, असे मिळून बाराजण.

"ह्यातून तुला काय मिळते?" मी विचारले. समजावण्याची सुरुवात कुठून तरी करायलाच हवी होती.

तो साखळीला तेल देत होता. "मिळत तर काही नाही, मामाजी. शौक आहे."

ह्या शब्दापाशी मी थांबलो. मराठीत आपण 'हौस' म्हणतो. हौस हा मूळचा अरबी 'हवस'. फारसीमार्फत तो आपल्याकडे आला आणि इथे येऊन त्याने काय सात्त्विक रूप धारण केले! हळदीकुंकवाची हौस, नातवंडांची हौस, लुगड्याची हौस, नाटकाची हौस. हौसेला मोल नाही असे आपण म्हणतो, आणि ते म्हणताना आपल्या स्वरात कौतुक असते. हिंदीत मात्र तोच 'हवस' वासनेच्या, लोभाच्या वाटेला गेला. भल्या घरात तो उच्चारायची सोय राहिली नाही. म्हणून रायपुरात वाढलेला माझा भाचा 'शौक' म्हणतो. एकच इच्छा, पण सरहद्दीच्या अलीकडे ती देवघरात बसते आणि पलीकडे तिला नाव बदलावे लागते. इंग्रजीतल्या ज्या शब्दाला आपण 'हौशी' हा प्रतिशब्द योजला, त्याच्या मुळाशीही लॅटिनमधले प्रेम आहे. जो प्रेमापोटी करतो तो हौशी. असे असताना आपण हा शब्द निंदेसाठी केव्हापासून वापरू लागलो?

मला तारीख सांगता येत नाही. पण एका वापराची जबाबदारी माझ्यावर आहे.

तिशी नुकतीच ओलांडली होती. प्रबंध स्वीकारला गेला होता, नावामागे डॉक्टर लागले होते, आणि एका नियतकालिकाने माझ्याकडे नव्या काव्यसंग्रहांची परीक्षणे सोपवली होती. त्या गठ्ठ्यात एका तालुक्याच्या गावाहून आलेला एक लहानसा संग्रह होता. कवी निवृत्त शाळातपासनीस. स्वतःच्या पैशांनी छापलेला, मुखपृष्ठावर स्वतःच काढलेले कडुनिंबाचे चित्र. मी त्याच्यावर पाच ओळी खर्च केल्या, आणि शेवटची ओळ मला त्या वेळी फार चमकदार वाटली. हा एका हौशी कवीचा हौशी संग्रह आहे, एवढेच लिहून मी पुढच्या पुस्तकाकडे वळलो होतो. पुष्कळ वर्षांनी एका साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात एक बाई भेटल्या. त्यांनी स्वतःची ओळख त्या कवीची मुलगी म्हणून करून दिली. "तुमचे परीक्षण बाबांनी कापून ठेवले होते," त्या म्हणाल्या. "त्यानंतर त्यांनी काही लिहिले नाही. बाग करायचे." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यांनी माझे एक पुस्तक विकत घेतले आणि त्यावर माझी सही मागितली.

त्या कविता चांगल्या नव्हत्या, हे माझे मत आजही बदललेले नाही. पण चांगल्या नसलेल्या कविता लिहिण्याचा एका माणसाचा अधिकार मी काढून घेतला होता. आणि हे करण्यास मी फार योग्य माणूस होतो, कारण तेच मी माझ्या बाबतीतही केले होते. सत्ताविसाव्या वर्षापर्यंत मीही कविता लिहीत असे. थोरांच्या कवितांचा अभ्यास करता करता माझ्या ध्यानात आले, की आपण त्या पंक्तीत बसणार नाही. आणि जे पहिल्या पंक्तीत बसणार नाही ते ताटच नको, असा निवाडा करून मी वही बंद केली. त्याला मी तेव्हा आत्मपरीक्षण म्हणत असे.

दुपारी सरावाच्या फेऱ्या झाल्या. मार्गाच्या मधोमध एक सपाट माथ्याची टेकडी होती. तिला ही मुले 'टेबलटॉप' म्हणतात. थोडे कमी उडालात तर माथ्यावर उतरता, फारसे बिघडत नाही. पण पलीकडच्या वळणानंतर दोन सुट्या टेकड्या एकमेकींसमोर होत्या आणि मध्ये खड्डा. हा 'डबल'. पहिलीवरून उडायचे आणि दुसरीच्या उतारावर उतरायचे. कमी पडलात तर पुढचे चाक समोरच्या मातीवर आदळते. ज्याला उडायचे नाही त्याने खड्ड्यातून सावकाश गाडी काढावी. त्याला मना नाही, फक्त दोन-तीन सेकंद जातात. भाच्याने मला हवेतली एक गंमत सांगितली. गाडी जमिनीवरून सुटली की माणसाच्या हातात काही उरत नाही असे आपल्याला वाटते. पण तसे नाही. हवेत मूठ पिळली तर मागचे चाक वेगाने फिरते आणि गाडीचे नाक वर येते. मागचा ब्रेक दाबला तर चाक थांबते आणि नाक खाली जाते. फिरत्या चाकातला संवेग गाडीच्या देहात येतो म्हणून हे घडते. "हवेत पण चालवावी लागते, मामाजी," तो म्हणाला. हे वाक्य मी माझ्या वहीत टिपून ठेवले. पूर्वी अशी वाक्ये मी कवितेसाठी टिपत असे.

रात्री जेवणे झाल्यावर घरात एक प्रकारची सभा बसली. सून भांडी आवरत होती, नात आजोबांच्या मांडीवर झोपली होती. बहीण माझ्याकडे पाहत होती. मी काही बोलत नाही असे दिसल्यावर तीच बोलली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मद्रासच्या त्या मार्गावर बंगळूरचा तेरा वर्षांचा एक मुलगा शर्यतीत पडला आणि गेला. ५ ऑगस्टची ती बातमी तिने कापून ठेवली नव्हती, पण तिला ती पाठ होती. "तो तर लहानपणापासून शिकलेला मुलगा होता," ती म्हणाली. "त्यालाही कवच होते, टोप होता, डॉक्टर होते. उरलेल्या शर्यती रद्द केल्या म्हणे. आईच्या उरलेल्या दिवसांचे काय केले?"

ह्याला उत्तर नव्हते. भाच्याने ते देण्याचा प्रयत्नही केला नाही. तो खाली मान घालून हातमोज्याची शिवण पाहत राहिला. बऱ्याच वेळाने सून स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "डबल मारणार नाही, असे कबूल केलेय त्यांनी मला." आणि ती पुन्हा आत गेली. म्हणजे ह्या घरात आधीच एक करार झालेला होता. मी आणि बहीण दोघेही त्याच्या बाहेरचे होतो.

अंथरुणावर पडल्यावर मला आजोबा आठवले. अमरावती जिल्ह्यातले आमचे गाव. तळेगाव दशासरचा शंकरपट तिथून जवळ. शंकरपट म्हणजे विदर्भातली बैलजोड्यांची शर्यत. सरळ आखलेल्या पट्टीवरून जोडी धावते, धुरकरी तिच्यामागे तोल सांभाळत असतो, आणि अंतर किती वेळात कापले ते घड्याळावर मोजतात. आजोबांची एक पटाची जोडी होती. तिला ते सरकी-ढेप अशी चारत, की आजी म्हणे, "पोरांच्या तोंडचे जाते." आजोबा प्रत्येक वर्षी पटाला जात आणि प्रत्येक वर्षी हरून येत. हरून आल्यावर ते बैलांच्या पाठीवरून हात फिरवत आणि पुढच्या वर्षाचे बोलत. त्या जत्रेत येणाऱ्यांचे आपल्या भाषेने तीन वर्ग केले आहेत: हौशे, नवशे आणि गवशे. नवस फेडायला येणारा नवशा, काही गवसते का ते पाहणारा गवशा, आणि कशासाठीच न येणारा, नुसता येणारा, तो हौशा. ह्या वर्गीकरणात हौशाला पहिले स्थान आहे हे माझ्या तोवर लक्षातच आले नव्हते.

पण आठवणीला एक दुसरी बाजू होती, आणि अंधारात ती टाळता येईना. बैलांना कोणी विचारले नव्हते. धुरकऱ्याच्या हातात तुतारी असे आणि तिच्या टोकाला आर. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ह्या शर्यती बंद केल्या तेव्हा गावाकडची माणसे हळहळली. २०२३ च्या मे महिन्यात न्यायालयाने राज्याचा दुरुस्त कायदा मान्य केला तेव्हा त्यांनी गुलाल उधळला. मी दोन्ही वेळी गप्प होतो. आजोबांची हौस मोठी होती, पण तिची किंमत दुसऱ्या कुणाच्या पाठीवरही उमटत होती. माझा भाचा सही करतो ती स्वतःच्या देहापुरती, हे खरे. पण आजोबांच्या मांडीवर झोपलेल्या त्या चार वर्षांच्या मुलीलाही कोणी विचारले नव्हते. हौसेला मोल नाही, असे म्हणणाऱ्याने ते मोल कोण देते हे पाहिलेले नसते.

रविवारी मैदान भरले. तळ्याकडून, तात्यापाऱ्याकडून माणसांचे लोंढे येत होते. भजी, ऊस, फुगे, सगळी जत्रा होती. मोठ्या वर्गांच्या शर्यती आधी झाल्या. परदेशी गाड्यांवरची मुले दोन मजले उंच उडत होती, आणि त्यांच्या उडण्यात मला एक परिपूर्ण अलिप्तता दिसली. ती मोठ्या कलावंतांत असते. मी टाळ्या वाजवल्या. समीक्षक म्हणून मला तिथे काही अडचण नव्हती.

'लोकल' वर्गाची पाळी साडेतीनला आली. सहा फेऱ्या. बारा गाड्या लोखंडी गेटामागे रांगेत उभ्या. तीस सेकंदांचा फलक वर झाला, इंजिनांचा आवाज एकमेकांत मिसळून एकच झाला, गेट पडले, आणि पहिल्या वळणावर बाराजण एकाच वेळी पोचण्याचा प्रयत्न करू लागले. ह्या वळणात जो पहिला शिरतो त्याला पुढचा मार्ग मोकळा मिळतो. बाकीच्यांच्या चष्म्यावर माती. भाचा तिथून सातवा बाहेर पडला. पायांवर उभा, गुडघ्यांनी टाकी दाबलेली, कोपरे बाहेर. त्याला मी लहानपणी सायकल शिकवली होती. ती पाठ मला ओळखता आली.

दुसऱ्या फेरीत औषधविक्रेता टेबलटॉपनंतर घसरला आणि उठला. तिसऱ्या फेरीत पुढे असलेला एक महाविद्यालयीन तरुण डबलवर कमी पडला. त्याचे पुढचे चाक समोरच्या मातीत आदळले, तो गाडीवरून पुढे फेकला गेला, आणि गाडी त्याच्यामागून उलटत आली. पिवळे निशाण फडकले. रुग्णवाहिकेतून माणसे धावली. मैदानावरची ती अर्ध्या मिनिटाची शांतता मी विसरणार नाही. फुगेवालाही थांबला होता. मग तो मुलगा हलला. त्याला बसते केले. खांद्याचे हाड मोडले होते, असे नंतर कळले. त्याला स्ट्रेचरवरून नेताना लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात उठले नाहीत. मला बहीण दिसत होती. ती इथे आली नव्हती. चौबे कॉलनीतल्या घरात देवापुढे बसली असेल, हे मला ठाऊक होते.

निशाण खाली झाले. भाचा आता पाचवा होता. त्याच्या मागे दूधवाल्याचा मुलगा आणि पोलीस शिपाई. चौथ्या फेरीत तो डबलपाशी आला आणि उडाला. करार मोडला. हवेत असताना त्याची गाडी किंचित मागे झुकलेली मला दिसली. मग नाक खाली आले. मागचा ब्रेक, मी मनात म्हणालो, आणि तो उताराला बरोबर उतरला. एका गाडीला मागे टाकून तो चौथा झाला. माझ्या शेजारी मेहुणे उभे होते. सबंध दोन दिवसांत ते ह्या विषयावर एक अक्षर बोलले नव्हते. त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. त्यात भीती किती आणि अभिमान किती हे मी सांगू शकणार नाही. त्यांनाही सांगता आले नसते.

पाचव्या फेरीत तो पुन्हा डबलपाशी आला, आणि ह्या वेळी त्याने वेग कमी केला. खड्ड्यात उतरला, सावकाश वर चढला. शिपाई त्याच्या डोक्यावरून उडत गेला. सहाव्या फेरीत पुन्हा तेच. दूधवाल्याचा मुलगाही पुढे गेला. काळ्यापांढऱ्या चौकटींच्या निशाणाखालून भाचा सहावा गेला. त्यासाठी पदक नव्हते, प्रमाणपत्रही नव्हते.

ताडपत्रीखाली त्याने टोप काढला तेव्हा चेहऱ्यावर डोळ्यांभोवतीचा भाग सोडून सगळी माती होती. हाताची बोटे मिटत नव्हती; सतत पकड धरून पोटऱ्यांसारखे हातही फुगतात, रक्त मागे फिरत नाही. थर्मासचे झाकण मेहुण्यांनी उघडून दिले. "एकदा मारला," तो मला म्हणाला. "एकदाच. बघायचे होते." मग थोडे थांबून, "नंतर वाटले, बस. आता घरी जायचे आहे."

सेकंदाच्या काही भागात त्याने जो निवाडा केला त्याविषयी मी अजून विचार करतो. त्याने हौस सोडली नाही आणि हौसेला सगळे देऊनही टाकले नाही. सहावा क्रमांक त्याने त्या खड्ड्यात स्वतः पत्करला. मी सत्ताविसाव्या वर्षी केलेला निवाडा ह्याच्यापुढे ठेवून पाहिला, तेव्हा मला तो भित्रा वाटला. मला डबल उडता येत नव्हता, म्हणून मी मैदानच सोडले होते. आणि मैदानाबाहेर उभे राहून, खड्ड्यातून गाडी काढणाऱ्या एका वृद्ध माणसाला मी हौशी म्हणालो होतो.

पण ह्या विचारात फार रमायचे नाही, असे मी स्वतःला बजावले. तो मुलगा स्ट्रेचरवरून गेला होता. त्याच्या घरी त्या संध्याकाळी कोणी ह्यावर निबंध लिहीत बसले नसेल.

घरी पोचलो तेव्हा बहीण दारात उभी होती. तिने मुलाला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले, एकेक अवयव मोजल्यासारखे, आणि गरम पाणी काढायला आत गेली. सुनेने त्याच्याकडे पाहिले आणि तिला जे कळायचे ते कळले. ती काही बोलली नाही, आणि रात्री ती जेवली नाही. करार एकदा मोडल्याची किंमत अशी त्याच रात्री वसूल झाली. बाराच्या सुमारास अंगणात दिव्याखाली तो गाडीला आरसे बसवत होता आणि ती पाटावर बसून त्याला पाने काढून देत होती. दोघे एकमेकांशी बोलत नव्हती, पण मागितलेला पाना बरोबर मिळत होता.

सोमवारी पहाटे तो किंचित लंगडत कामावर गेला. मला स्टेशनवर सोडायला बहीण आली. रिक्षात तिने विचारले, "बोललास त्याच्याशी?"

"नाही," मी म्हटले.

ती बराच वेळ बाहेर पाहत राहिली. "मला वाटलेच," ती म्हणाली. "तूही तसाच होतास. मग एकदम सोडून दिलेस. आईला फार वाईट वाटले होते तेव्हा." ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. माझ्या कवितांविषयी आईला काही वाटत असेल, असे माझ्या मनातही कधी आले नव्हते. मी विचारणार होतो, पण गाडी फलाटाला लागली.

नागपूरला आल्यावर मी माळ्यावरून जुने गठ्ठे काढले. परीक्षणासाठी आलेली पुस्तके मी टाकत नाही. कडुनिंबाचे चित्र असलेला तो संग्रह तिसऱ्या गठ्ठ्यात सापडला. त्याच्या समासात माझ्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, आणि त्या सगळ्या अठराव्या पानावर थांबत होत्या. संग्रहाची पाने चौसष्ट आहेत. उरलेली मी त्या वेळी वाचलीच नव्हती. आता रोज रात्री दोन-दोन पाने वाचतो आहे. पेन्सिल जवळ ठेवत नाही. कविता अजूनही फारशा चांगल्या नाहीत. एकेचाळिसाव्या पानावर विहिरीवरच्या रहाटाविषयी चार ओळी आहेत, त्या चांगल्या आहेत.

बहिणीचा काल फोन आला होता. पुढची शर्यत पावसाळ्यानंतर आहे. ह्या वेळी तिने मला बोलावले नाही. फक्त तारीख सांगितली.